मनी गोळी थुंकून टाकते

प्रश्न : आमच्या मनी मांजरीला सर्दीसाठी डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या दिल्यात. कुटून दुधातून दिली तर फेस येईपर्यंत लाळ गाळते. ताप वाटला तर घरातली पॅरासिटामॉल चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पॅरासिटामॉल अजिबात नको. पाव गोळीसुद्धा नको! मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, जीव जातो. कुणी दिली असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

लाळ गळते ती गोळीच्या कडू चवीमुळे, म्हणून कुटू नका. दूधही नको, त्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी कमी लागतं.

मनीला टॉवेलात गुंडाळून पाठमोरी मांडीत घ्या. एका हातानं गालफडं धरून नाक वर करा, जबडा आपोआप सैल पडतो. गोळी जिभेच्या अगदी मुळाशी, मधोमध टाका. तोंड मिटून गळा हलकेच चोळा. तिनं नाक चाटलं की समजा, गिळली.

आता पाणी, आणि हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगते. बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं ५-६ मिली पाणी थोडं थोडं पाजा. कोरडी राहिलेली ही गोळी अन्ननलिकेला चिकटते, तिथं जखम होते, पुढे नळी आकसते आणि मांजर खाल्लेलं ओकून टाकतं. तरीही जमलं नाही, तर डॉक्टरांकडे पातळ औषध मागा. डोस मनानं बंद करू नका.