रूम पार्टनरची प्रॉक्सी

प्रिय मित्रा,

रोज पिणाऱ्या पार्टनरची हजेरी तू लावतोस, त्याची नाइट ड्युटी तू करतोस, घरून फोन आला की 'वॉर्डात आहे' असंही सांगतोस. आणि वर विचारतोस, याला मदत म्हणायचं का. नाही म्हणायचं. तुझ्यामुळे त्याचं पिणं निर्धोक झालंय, एवढंच.

कॅज्युअल्टीत आलेला बेवडा आणि रोज पिणारा बॅचमेट, यांच्याविषयी आपण किती वेगळं बोलतो बघ. एकाला 'सवयच आहे', दुसऱ्याला 'स्ट्रेस आहे रे'. आजार आहे असं दोघांच्याही बाबतीत कुणी म्हणत नाही. सायकियाट्रीच्या पोस्टिंगमध्ये पेशंटच्या व्यसनाची लिहिलेली हिस्टरी हॉस्टेलच्या जिन्याशीच संपते.

डॉक्टरला सगळं कळतं, तो सावरेल, हाही भ्रमच. सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं प्रशिक्षण, ज्याने घडवलं, त्या अमेरिकी सर्जन हॅलस्टेडने १८८४च्या सुमारास कोकेनचे प्रयोग स्वतःवर केले आणि त्यात अडकला. पुढे मॉर्फिन आयुष्यभर सुटलं नाही. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये त्याचे सहकारी डॉक्टर वेल्च आणि ऑस्लर यांना हे ठाऊक होतं. ऑस्लरने ते लिहून ठेवलं, पण ती वही उघडली १९६९मध्ये. तोवर हॅलस्टेडला जाऊन ४७ वर्षं झाली होती. विद्वान मंडळी, पण गप्प बसण्यात तुमच्या हॉस्टेलसारखीच.

पार्टनरशी दुपारी बोल, तो शुद्धीत असताना, एकट्याने. दारूने लिव्हर कसं जातं, सिरॉसिस वगैरे शिकवू नकोस, त्याचे मार्क तुझ्याहून जास्त असतील. जे पाहिलंस तेवढंच सांग. आपल्याच सायकियाट्री डिपार्टमेंटमध्ये जायला लाज वाटत असेल तर बाहेर जाता येतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून आहे, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे. रोज पिणाऱ्याला मात्र 'आजपासून बंद' म्हणून खोलीत कोंडू नका. झटके येतात, दोन-तीन दिवसांनी डिलिरियम, म्हणजे भान हरपून भास होणं, होऊ शकतो. ते वॉर्डात, देखरेखीखालीच सोडवायचं.

ऑपरेशन थिएटरमधली उरलेली इंजेक्शनची ॲम्प्युल खिशात जाताना दिसली, किंवा तो पिऊन पेशंटजवळ गेला, तर गोष्ट तुमच्या दोघांत ठेवायची नाही. त्याच दिवशी, विश्वासातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना सांग. चिडेल, बोलणं टाकेल. टाकू दे.

हजेरी उद्यापासून बंद कर, पण त्याला आधी सांगून. शनिवारी संध्याकाळी मी घरी आहे, यायला तयार झाला तर घेऊन ये.

तुझा,
सर