‘नळ्या लावू नका’, पण कोणत्या?

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातले. माझे सासरे, आमच्याकडे मामाजी म्हणतात, ७८ वर्षांचे आहेत. अजून रोज वावरात चक्कर असतेच. तीन वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ नागपूरच्या एका दवाखान्यात १९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. दोन एकर वावर गेलं आणि माणूसही गेला. तेव्हापासून मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “माह्यावर नळ्या लावू नका, मले नागपूरले नेऊ नका.” माझ्या मिस्टरांना ते पटते. पुण्याचे भासरे, म्हणजे मिस्टरांचे थोरले भाऊ, म्हणतात, लोक काय म्हणतील! स्टॅम्पपेपरवर लिहून सरपंचाची सही घेतली तर चालते का? आणि वेळ आलीच तर शेवटचा शब्द कोणाचा, मोठ्या मुलाचा का?

उत्तर : ताई, कागदाचं नंतर पाहू. आधी मामाजींना विचारा, नळ्या म्हणजे कोणत्या?

पस्तीस वर्षं खेड्यात डॉक्टरकी केली, हे वाक्य ओसरीओसरीवर ऐकलं. प्रोस्टेट वाढून लघवी अडते, ओटीपोट दगडासारखं होतं, आजोबा रात्रभर तळमळतात. लघवीची नळी टाकली की पाच मिनिटांत तेच म्हणतात, “बाप्पा, जीवात जीव आला.” हगवण लागली तर सलाईनचीही नळीच असते. मामाजींना धसका आहे तो बहुतेक दोन नळ्यांचा : तोंडातून श्वासनळीत जाते ती व्हेंटिलेटरची आणि नाकातून पोटात जाते ती जेवणाची. नागपूरचंही तसंच. उद्या पऱ्हाटीत मण्यार चावली तर जवळ सोय नसल्यास नागपूरलाच न्यायचं आणि व्हेंटिलेटरही लावायचं. मण्यारीच्या विषानं श्वास बंद पडतो, पण ते विष उतरलं की माणूस पुन्हा स्वतःचा श्वास घेतो, आपल्या पायांनी घरी येतो. तिथे ‘मामाजी नाही म्हणाले होते’ असं कोणी म्हटलं तर अनर्थ. बरं होण्याची आशा उरलेली नाही आणि स्वतःचं स्वतः ठरवता येत नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच हा कागद उघडायचा. तेव्हा व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातली नळी, बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करणं, एकेकाचं नाव घेऊन हवं-नको लिहा.

आता कागद. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला असा वैद्यकीय इच्छापत्राचा हक्क मान्य केला, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? २४ जानेवारी २०२३ ला ती अट निघाली. आता मामाजींची सही, दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन. सरपंच साक्षीदार म्हणून चालतील, नोटरीच्या जागी नाही. एक प्रत ज्यांची नावं घातली त्यांना, एक घरच्या डॉक्टरला, एक ग्रामपंचायतीकडे. पंचायतीत ‘हे काय नवीन?’ म्हणतील. अर्ज जोडून द्या, आवक शिक्का घ्या आणि निमूट घरी या. मन बदललं तर मामाजी कधीही लेखी रद्द करू शकतात.

शेवटचा शब्द थोरल्याचा, असं कुठेही नाही. आपण बोलू शकलो नाही तर कोणी बोलायचं, ती नावं मामाजींनीच लिहायची, एकाहून जास्त चालतात. तुमचंही घालायला सांगा, त्यांच्या गोळ्या कोण मोजून देतं ते त्यांना ठाऊक आहे. तरी तुम्ही म्हटलं आणि मशीन बंद झालं, असं होत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ पाहतं, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आणि अंमल करण्याआधी दवाखान्यानं न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. इंजेक्शन देऊन जीव घेणं मात्र आजही गुन्हाच. दुखणं कमी करणं, कूस बदलणं, ओठ ओले करणं शेवटपर्यंत चालूच राहतं.

कागद नसला तरी नातेवाइकांच्या संमतीनं याच वाटेनं जाता येतं. पण मग नातेवाइकांचं एकमत लागतं, आणि ते कसं होतं ते मी घरीच पाहिलं. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती ८१ वर्षांची होती. मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. शुद्ध येणार नाही हे मला कळत होतं, तरी नाकातल्या नळीच्या फॉर्मवर मी सही केली, कारण मावशी समोर उभी होती. आईचा डावा हात चालत होता. तो सारखा नाकाकडे जायचा, म्हणून सिस्टरनं तो गॉजच्या पट्टीनं खाटेच्या दांड्याला बांधला. अकरा दिवस. शेवटी मनगटाची कातडी सोलून पट्टीला चिकटली होती, ती मी सलाईननं भिजवून सोडवली.

भासऱ्यांना म्हणा, पवनार आपल्याच जिल्ह्यात आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं, १५ तारखेला गेले. लोक काय म्हणाले ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. फरक एवढाच की विनोबा स्वतः नको म्हणत होते, माझी आई हातानं म्हणत होती आणि आम्ही तो हात बांधला.

पोळ्याला भासरे गावी येतीलच. बैल घरी आले, जेवणं झाली की मामाजींनाच कागद मोठ्यानं वाचायला लावा, सगळ्यांसमोर. आणि तो सातबाऱ्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवू नका. रात्री दोन वाजता गाडी दारात उभी असते आणि किल्ली सापडत नाही.