हीट फ्लक्स कॅलरी/(चौ.सेमी·सेकंद) मधून किलोकॅलरी/(चौ.मी·तास) मध्ये कसा बदलायचा? वॅटमध्ये दोन वेगळी उत्तरं का येतात?

तुमच्या तक्त्यात हीट फ्लक्स, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळातून ठरावीक वेळात जाणारी उष्णता, १.५ कॅलरी/(चौ.सेमी·सेकंद) दिलाय, तुम्हाला ते किलोकॅलरी/(चौ.मी·तास) मध्ये हवंय, आणि वॅटमधून जायला गेलात तर एक कन्व्हर्टर ६२,७६० वॅट/चौ.मी सांगतो, दुसरा ६२,८०२.

तुमचं उत्तर ५४,००० आहे. ते अगदी नेमकं आहे आणि त्यासाठी वॅटची गरजच नाही. कॅलरीच्या एका एककातून कॅलरीच्याच दुसऱ्या एककात जाताना वाटेत ज्यूल आणूच नका (वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल). सगळा घोळ तिथेच होतो.

गुणक तीन तुकड्यांत काढा. कॅलरीची किलोकॅलरी केली की आकडा हजारपट लहान होतो, म्हणून ०.००१. सेकंदाचा तास केला की तेवढ्याच दराने ३,६०० पट उष्णता जाते, म्हणून ३,६००. चौरस सेंटिमीटरचा चौरस मीटर केला की क्षेत्रफळ १०,००० पट, म्हणून उष्णताही १०,००० पट. गुणाकार ३६,०००. १.५ × ३६,००० = ५४,०००. वेळ आणि क्षेत्रफळ छेदात आहेत म्हणून भागायचं असं वाटतं खरं, पण छेदातलं एकक मोठं झालं की आकडा वाढतो.

याच रीतीने १ कॅलरी/(चौ.सेमी·मिनिट) म्हणजे ६०० किलोकॅलरी/(चौ.मी·तास), आणि १ कॅलरी/(चौ.सेमी·तास) म्हणजे १०. हे गुणक कॅलरीच्या कुठल्याही व्याख्येला नेमके लागू पडतात, कारण दोन्ही बाजूंना कॅलरी तीच आहे.

आता ६२,७६० आणि ६२,८०२. थर्मोकेमिकल कॅलरी म्हणजे नेमके ४.१८४ ज्यूल, रसायनशास्त्रात बहुधा हीच असते. इंटरनॅशनल टेबल कॅलरी म्हणजे नेमके ४.१८६८ ज्यूल; ही वाफेच्या गुणधर्मांवरच्या १९५६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली आणि बॉयलर-वाफेच्या कामात हीच चालते. त्यामुळे १ कॅलरी/(चौ.सेमी·सेकंद) म्हणजे पहिलीने ४१,८४० आणि दुसरीने ४१,८६८ वॅट/चौ.मी. दोन्ही कन्व्हर्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक ०.०७ टक्के. हीट फ्लक्स मोजणाऱ्या सेन्सरमध्येच दोन-तीन टक्क्यांची अनिश्चितता नेहमीची असते, म्हणजे डिझाइनसाठी हा फरक नगण्य आहे.

तरी तो एका ठिकाणी हमखास छळतो. जाताना एका कॅलरीने गेलात आणि येताना दुसरीने आलात, की हिशेब जुळत नाही. १ किलोकॅलरी/(चौ.मी·तास) = १.१६३ वॅट/चौ.मी हा सर्वत्र छापलेला गुणक इंटरनॅशनल टेबलचा आहे (४,१८६.८ ÷ ३,६००). थर्मोकेमिकलने आलेल्या ६२,७६० ला १.१६३ ने भागलं तर ५३,९६४ येतं, ५४,००० नाही. मग माणूस ते ३६ कुठे गेले हे शोधत पूर्ण शीट तपासत बसतो. ६२,८०२ ला भागा, बरोबर ५४,००० परत मिळतात. थर्मोकेमिकलच वापरायची असेल तर गुणक १.१६२२ घ्या. शीटच्या डोक्यावर कोणती कॅलरी धरली आहे हे एका ओळीत लिहा, आणि सेलमध्ये तयार ३६,००० टाकण्याऐवजी ०.००१ × ३,६०० × १०,००० असं सूत्रच ठेवा. उद्या शीट उघडणाऱ्याला गुणक कुठून आला ते दिसलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

खऱ्या मोठ्या चुका या ०.०७ टक्क्यांच्या नसतात, शंभरपटीच्या असतात. सर्वात जास्त दिसणारी: चौ.सेमी ते चौ.मी साठी १०,००० ऐवजी १०० धरणं. तुमचं उत्तर ५४० आलं तर हेच झालंय. दुसरी त्याच घरातली: उष्णतावाहकतेचा गुणक फ्लक्सला लावणं. कॅलरी/(सेमी·सेकंद·°से) चं किलोकॅलरी/(मी·तास·°से) करताना छेदात लांबी एकदाच येते, म्हणून तिथे गुणक ३६० आहे. हीट ट्रान्सफर कोइफिशंटमध्ये (तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे किती फ्लक्स) मात्र क्षेत्रफळच असल्यामुळे ३६,००० च राहतो. तिथलं °से हा तापमानातला फरक आहे, त्यात २७३ मिळवायचे नाहीत. तिसरी चूक जुन्या इंग्रजी तक्त्यांतली: मोठ्या अक्षराने लिहिलेली कॅलरी कधी कधी किलोकॅलरी असते. तिथे थेट हजारपट फरक पडतो.

पडताळ्यासाठी मी सूर्य वापरतो. वातावरणाबाहेर सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या पृष्ठभागावर सुमारे १,३६१ वॅट/चौ.मी पडतात, म्हणजे साधारण १.९५ कॅलरी/(चौ.सेमी·मिनिट), म्हणजे १,१७० किलोकॅलरी/(चौ.मी·तास). तुमचे ५४,००० त्याच्या ४६ पट आहेत. भट्टीच्या ज्वाळेसमोरच्या पृष्ठभागाला हे शोभतं. तक्ता साध्या इन्सुलेशन केलेल्या भिंतीचा असेल तर मूळ आकडाच संशयास्पद आहे. बहुधा तिथे सेकंद नसून मिनिट किंवा तास असावा, एकक पुन्हा वाचा.

हवामानाच्या जुन्या नोंदींत लँगली भेटेल. १ लँगली म्हणजे १ थर्मोकेमिकल कॅलरी प्रति चौ.सेमी. त्यात वेळ नाही, म्हणून तो फ्लक्स नव्हे. लँगली/मिनिट असेल तर ६९७.३ ने गुणा, लँगली/दिवस असेल तर ०.४८४३ ने, की वॅट/चौ.मी मिळतात, दिवसाचा आकडा २४ तासांची सरासरी देतो, दुपारचं शिखर नाही. भूगर्भातल्या उष्णतेच्या जुन्या शोधनिबंधांतलं हीट फ्लो युनिट म्हणजे कॅलरी/(चौ.सेमी·सेकंद) चा दहा लाखावा भाग, सुमारे ४२ मिलिवॅट/चौ.मी, किंवा आपल्याच ३६,००० ने ०.०३६ किलोकॅलरी/(चौ.मी·तास).