स्टिअरिंग-सस्पेन्शनची कुईकुई: आधी एवढंच कर

अरे घाबरू नकोस, आवाज आला म्हणजे लगेच पार्ट गेला असं नसतं. आधी आवाज नेमका कुठून येतोय ते शोध, इंजिन बंद ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांग आणि तू एकेका बॉल जॉइंटवर (चाकाजवळचा गोळीवर फिरणारा सांधा), टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारं टोक) बोट ठेव, कुरकुरणारा जॉइंट बोटाला कळतो.

- ग्रीस निपल (जॉइंटवरचं ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर आधी पुसून मग ग्रीस भर, नाहीतर चिखल सरळ आत जातो. बूट (जॉइंटवरचं रबरी कव्हर) जरासा फुगला की थांब, नवीन लोक ग्रीस दाबत राहतात आणि बूट फाडतात.
- रबर बुशला (सस्पेन्शनच्या जोडातला रबरी तुकडा) ऑइल नको, सिलिकॉन स्प्रे मार.
- जॉइंटमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर ग्रीसच्या नादी लागू नको, सरळ बदल.

आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावच.