वन-बीएचकेमध्ये होमस्कूलिंग करायचंय, मुलीच्या अभ्यासाला जागा कुठून काढू?

तुमचं म्हणणं असं: घर चारशे फुटांचं, मुलगी सात वर्षांची, सासूबाई दिवसभर हॉलमध्ये, नवरा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणारा. जूनपासून तिला घरीच शिकवायचं ठरलंय, तर बेडरूममध्ये पार्टिशन घालून छोटी क्लासरूम करावी का?

नका करू. आम्ही मुलुंडला जवळपास तेवढ्याच घरात राहतो, मुलाला चार वर्षं घरी शिकवतोय, आणि पहिल्या वर्षी मी नेमकी हीच हौस भागवून घेतली होती. पार्टिशन घातलं, खिडकी पलीकडे गेली, आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसायची वेळ आली. दिवाळीच्या आत ते काढलं.

त्याहून मोठा घोळ टेबलाचा. सुताराला ‘स्टडी टेबल’ म्हटलं, त्याने सवयीने तीस इंचांवर ठोकून दिलं. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. खुर्चीवर दोन उश्या, पाय लोंबकळतायत, खांदे कानाला टेकलेले. दहा मिनिटांत ‘पाय दुखतात’. मला वाटायचं, टाळतोय. एके दिवशी ओट्याशी भाजी चिरत होते, तर हा तिथेच लादीवर पालथा पडून पाऊण तास बेस्टच्या बसचं चित्र काढत होता, हूं की चूं नाही. तेव्हा ट्यूब पेटली.

तुम्ही आधी माप घ्या. मुलीला अशा स्टुलावर बसवा की दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकतील. हात कोपरात काटकोनात दुमडायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. टेबलाची उंची तीच. आमच्याकडे एकवीस इंच आली. मूल वाढतं म्हणून भिंतीला दोन उभ्या लाकडी पट्ट्या मारून घेतल्या, त्यांना दोन-दोन इंचांवर भोकं. बिजागरीवर दुमडणारी फळी कोपराचं माप वाढेल तशी एकेक भोक वर चढते. जेवायच्या वेळी दुमडली की हॉल परत हॉल. मुलगी उजव्या हाताने लिहीत असेल तर खिडकी डावीकडे येईल अशी फळी लावा, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते.

पण खरं सांगू का, बसायची जागा हा प्रश्नच नव्हे. मूल कुठेही बसतं: ओट्याशी, दिवाणावर, दाराच्या उंबऱ्यात. लहान घरात जागा मिळत नाही ती अर्धवट राहिलेल्या कामाला. पुठ्ठ्याचा किल्ला निम्मा झालाय, डिंक वाळायचाय, आणि पाहुणे दारात. ‘उचल ते सगळं!’ असं चार वेळा झालं की मूल मोठं काही हातातच घेत नाही. पटकन संपेल तेवढंच करतं. शाळेत हे शाळेच्या नावावर खपतं, घरी आपल्याच नावावर.

यावर आमचा उपाय म्हणजे प्लायवूडची एक फळी, तीन फूट बाय दोन फूट, चारही कडांना बोटभर उंचीची पट्टी. काम त्या फळीवरच मांडायचं. वेळ झाली की फळी आहे तशी दिवाणाखाली सरकवायची. उद्या ओढली की कात्रीसुद्धा जिथे ठेवली तिथेच. भिजवलेले मूग, ओला रंग वगैरे मात्र खिडकीच्या ग्रिलमध्ये, तुळशीशेजारी.

सासूबाईंना ‘हळू बोला, अभ्यास चाललाय’ असं म्हणू नका. त्यांचं घर आहे ते. आम्ही वेळा वाटून घेतल्या: सकाळी नऊ ते साडेअकरा टीव्ही बंद, दुपारी त्यांच्या मालिका आणि तेव्हा मुलगा आत वाचत पडलेला. माझ्या सासूबाईंना पावकी, निमकी, दीडकी (पाव, अर्धा आणि दीडचे पाढे) तोंडपाठ. वाटाणे सोलता सोलता त्याच्याकडून म्हणवून घेतात. मला स्वतःला अडीचकी अजून येत नाही. तुमचा नवरा घरी असेल त्या दोन दिवसांना मात्र तोंडी काम ठेवू नका, लिहायचं ठेवा किंवा सरळ बाहेर पडा.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच करा. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला जुलैत ओल येते. पहिल्या वर्षी तिला टेकवून ठेवलेल्या पुस्तकांना हिरवी बुरशी आली. आता पुस्तकं लोखंडी कपाटात. त्याच कपाटाच्या एका बाजूला फळ्याचा काळा रंग लावलाय: खडूही चालतो, लोहचुंबकही चिकटतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यामुळे सगळीच छापील घेऊन कपाट भरू नका.

आणि घर लहान असलं तरी मुंबई आहेच की. शाळेच्या मुलांना रविवारच्या गर्दीत जे बघावं लागतं ते तुम्हाला मंगळवारी सकाळी अकराला मिळतं. राणीची बाग (बुधवारी बंद असते), वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, माहीमचं निसर्ग उद्यान. गर्दीची लोकल गेली की निघायचं.

कागदपत्रांसाठी एक फाईल ठेवा, त्यात तारीख घातलेलं काम. पुढे एनआयओएसमधून (शाळेत न जाता परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय) दहावी द्यायची तर चौदा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुम्हाला भरपूर अवकाश आहे.

सुताराला लगेच बोलावू नका. आठवडाभर मुलगी आपणहून कुठे बसते ते नुसतं बघा. आणि फळी कापायला देण्याआधी दिवाणाच्या दोन पायांमधलं अंतर मोजा. आमची अर्धा इंच मोठी निघाली, रंधा मारत बसावं लागलं.