मामींना कुणी विचारलं?

अरे,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला, मामाचा लॅपटॉप पुसून तू कोरी विंडोज टाकलीस आणि त्यात मामींचा हिशोब उडाला, त्याबद्दलचा. गिझर लावून ठेवला होता तो तसाच राहिला आणि मी शाल गुंडाळून खुर्चीत बसून परत पहिल्यापासून वाचला. त्यात एकच वाक्य तू चार वेळा लिहिलंयस, "मी विचारलं होतं काकू, मामाच म्हणाला काही नाहीये त्यात, टाक उडवून." आणि शेवटी लिहिलंयस की यापुढे कुणाच्याच लॅपटॉपला हात लावणार नाही, लोकांनी दुकानात जावं.

ते हात न लावण्याचं नंतर बघू. आधी विचारण्याचं बघू, कारण तू विचारलेलं नाहीस.

रागावशील, पण ऐक. तू मामाला विचारलंस, "यात काही महत्त्वाचं आहे का?" तो क्रिकेट बघता बघता म्हणाला नाही. झालं. लॅपटॉप मामाच्या नावावर असेल, बिल त्याचं असेल, पण रोज संध्याकाळी तो उघडून बसायचं कोण? मामी. त्यांचा वेगळा युजर होता त्याच्यावर, बचत गटाचा सहा वर्षांचा हिशोब त्यात. तू मामाचं डॉक्युमेंट्स कॉपी केलंस, मामाचे फोटो कॉपी केलेस, आणि सी ड्राइव्हवरच्या युजर्स फोल्डरमध्ये अजून एक नाव आहे हे बघितलंससुद्धा नाहीस. मामी तेव्हा स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. दहा पावलं लांब होत्या रे. मामींना कुणी विचारलं?

घरी आलेल्या माणसाला आपण चहा घेणार का विचारतो आणि तो "नको नको" म्हणतो, म्हणून आपण आधण ठेवत नाही का? आपल्याकडे "काही नाही" हे उत्तरच नसतं. म्हाताऱ्या माणसांना तर वाटतं की आपल्या फायलींना महत्त्वाचं म्हणणं म्हणजे मोठेपणा मिरवणं, आणि शिवाय पोराचा वेळ जातो, त्याला अभ्यास आहे, म्हणून म्हणतात उडव. तू उडवतोस. आधी विचार, असं मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेव्हा तू मान हलवलीस. उत्तर आलं म्हणजे विचारून झालं असं नसतं, हे बहुतेक मीच तेव्हा नीट सांगितलं नाही.

मी काय करते ते सांगते. खुर्चीत मी बसत नाही. ज्याचा कॉम्प्युटर तो खुर्चीत, मी बाजूला स्टुलावर, माउस त्याच्याच हातात. आणि महत्त्वाचं काय वगैरे विचारतच नाही. म्हणते, "सकाळी चालू केल्यावर पहिलं काय करता ते करून दाखवा." बस. मग गप्प बसायचं. हात शिवशिवतात, त्यांचा बाण स्क्रीनभर फिरत असतो, आपल्याला माहीत असतं कुठे क्लिक करायचंय, तरी गप्प बसायचं. नोव्हेंबरात आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांकडे गेले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. दर नोव्हेंबरला माझी हीच फेरी असते, जीवन प्रमाण, म्हणजे पेन्शनवाल्यांचा हा दाखला ऑनलाइन काढायची सोय, २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून. थंडीत बोटं कोरडी पडतात, ठसा लागत नाही, मग खोबरेल लावून पुसून परत ठेवा, आता चेहऱ्यावरून होतं ते बरंय. तर दाखला झाला आणि आजोबा म्हणाले कॉम्प्युटर पण हळू झालाय, जरा साफ कर, काही नाहीये त्यात. मी म्हटलं बसा, दाखवा. चष्मा लावला, बसले, आणि सरळ रिसायकल बिन उघडलं. त्यात एक फाईल. २००३ पासून रोज सकाळी पेपरात बघून पुण्याचं किमान तापमान लिहितायत. नातवाने कधीतरी सांगितलं होतं की इथे टाकलेलं परत मिळतं, म्हणून त्यांच्या मते सगळ्यात सुरक्षित जागा तीच. साफसफाई म्हटल्यावर तू पहिलं काय रिकामं केलं असतंस? मीही तेच केलं असतं, स्टुलावर बसले नसते तर.

आता माझं ऐक. हे तुझ्या आईला माहितीये, तुला कधी बोलले नाही.

१४ जानेवारी २०२०. विंडोज सेव्हनचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, त्या दिवशी संपला, मंगळवार होता, आणि भोगी होती. मी दोन महिने यादी करून ठेवली होती, कुणाकुणाकडे सेव्हन आहे, सगळ्यांना टेन करून द्यायचं, एकही जुनं मशीन मागे ठेवायचं नाही. त्या वर्षी मला फार जोर चढला होता. ऑफिसला अर्धी रजा टाकली आणि कोथरूडवरून म्हात्रे पुलाने नारायण पेठेत आप्पांकडे गेले, आप्पा म्हणजे माझे थोरले काका. त्या सकाळचा गारठा आठवतोय, हातमोजे घालून गाडी चालवली तरी बोटं वळत नव्हती, जाऊन आधी त्यांच्या चहाच्या कपाला हात शेकले. मी विचारलं, आप्पा काय काय ठेवायचंय? ते म्हणाले तुला कळतं ते कर. मी डॉक्युमेंट्स घेतलं, डेस्कटॉप घेतला, फोटो घेतले, अगदी ब्राउझरचे बुकमार्क घेतले. चाळीस जीबी पेनड्राइव्हवर उतरवून त्याच डिस्कवर कोरी विंडोज टाकली आणि चाळीस जीबी परत भरले. दोन वाजता माझ्या काकूने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली, मी जेवले, आणि हात धुवून येते तोवर आप्पा खुर्चीत बसून काहीतरी शोधत होते.

ते एका जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर लिहायचे. आता सगळीकडे चालतं त्या युनिकोड मराठीच्या आधीचं. ते सॉफ्टवेअर फायली स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवायचं, सी ड्राइव्हवर. आप्पांनी त्यात आजीने सांगितलेली पानशेतची हकीकत लिहून काढली होती, १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा आप्पा अकरा वर्षांचे होते, घर नदीजवळच, त्यांना स्वतःला आठवत होतं ते एका रंगात आणि आजीने नंतर सांगितलेलं दुसऱ्या रंगात. साठ-पासष्ट पानं झाली होती. मला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

आप्पा म्हणाले, असू दे. आणि दुसऱ्या दिवशी संक्रांतीला गेले तेव्हा तिळगूळ हातावर ठेवला, नेहमीसारखा.

मी ती डिस्क काढून घरी आणली, त्यांना नवी घालून दिली. फोटोरेक नावाचं पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर लावून तीन रात्री ती चाळली. हजारो तुकडे निघाले, नुसते आकड्यांच्या नावाचे. एकेक उघडून बघायची. त्या जुन्या फॉन्टची गंमत अशी असते की मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणजे फॉन्ट नसेल तर समोर दिसतो नुसता कचरा, कंस, डॉलर, टिंबं. अशी कचऱ्याची पानं मी आधी पुढे सारत होते. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की अरे हाच आप्पांचा मजकूर असणार. मग तो फॉन्ट शोधला, एका ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे जुन्या सीडीत मिळाला, टाकला, आणि त्या कचऱ्यातून "ओंकारेश्वराच्या पायऱ्या" असं वर आलं. सात पानं मिळाली. सातवं पान "आणि मग आईने" इथे थांबतं. पुढच्या वर्षी आप्पा गेले. पुन्हा लिहा असं म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि ते स्वतःहून बसले नाहीत.

हे बघ, मी काही निष्काळजी नव्हते. माझ्या जागी कुणीही असतं तरी डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपच घेतलं असतं. सपोर्ट संपलेलं मशीन तसंच ठेवणं चूक होतं, त्यावर ते बँकेचं काम करायचे. आणि मी विचारलं होतं. तेच म्हणाले तुला कळतं ते कर. सहा वर्षं मी हे सगळं स्वतःला सांगतेय, यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि तुझा मेसेज वाचताना तुझ्या तोंडून हीच वाक्यं आली म्हणून तर मी सकाळी इतकी कासावीस झाले. आधी विचार रे. तुला कळतं ते कर असं म्हणाले की तेव्हाच दोनदा विचार, कारण आपल्याला फक्त मशीन कळत असतं.

आता कामाचं. रिकव्हरीवाल्याने जो आकडा सांगितलाय तो अजिबात देऊ नकोस. मामाच्या लॅपटॉपात एसएसडी आहे, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क. माझ्याकडची आप्पांची डिस्क जुनी फिरती होती, तिच्यावर पुसलेलं सुद्धा वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतं, म्हणून सात पानं तरी मिळाली. एसएसडीला विंडोज सांगून टाकते की ही जागा आता रिकामी समज आणि ती डिस्क आपल्या सवडीने ती खरंच पुसते, ट्रिम म्हणतात त्याला. त्यात तो लॅपटॉप आठवडाभर चालू आहे. तिथे काही उरलं नसणार. त्यापेक्षा मामींनी तो हिशोब कुणाला मेल केला असेल, गटाच्या व्हॉट्सॲपवर महिन्याचं शीट टाकलं असेल, वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, नकळत चालू असेल, ते शोध. बँकेचं पासबुक आणि बायकांच्या हातातली कार्डं तर आहेतच.

आणि तुला घाई कसली होती? विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. अजून नऊ महिने होते हातात. मला जी घाई झाली होती तीच तुला झाली, नवीन टाकून दिलं की आपल्याला बरं वाटतं. मी आता शक्यतो फॉरमॅट मारतच नाही, तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून नवी एसएसडी आणते, तिच्यावर विंडोज टाकते आणि जुनी डिस्क त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून सहा महिने त्यांच्याच कपाटात. पार्टचे पैसे बिल दाखवून घ्यायचे, हाताचे घ्यायचे नाहीत. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर ती ४८ आकडी की आधी वहीत उतरवायची, डिस्क कुलूपबंद झाल्यावर ती शोधत बसायची नाही. टॅली, ते हिशोबाचं सॉफ्टवेअर, असेल तर डेटा कुठल्या फोल्डरला आहे ते टॅलीलाच विचारायचं. आणि कॅबिनेट उघडताना तो लोकरीचा स्वेटर काढून ठेव, हवा कोरडी आहे, बोटाला चटका बसतो तेवढ्यात रॅम जाऊ शकते, आधी पत्र्याला हात लाव, मग आत.

दुकानात जावं म्हणतोस. दुकानवाला चांगलं काम करेलही, पण त्याच्या टेबलावर त्या दिवशी वीस मशीन असतात, तो मामींच्या शेजारी स्टुलावर बसून काय उघडताय ते बघणार नाही, त्याला ते परवडतच नाही. तुला परवडतं. म्हणून तर लोक तुला बोलावतात, फुकट करतोस म्हणून नाही. (फुकट म्हणून बोलावणारेही आहेत, ते मला चांगले माहीत आहेत, त्यांना सरळ नाही म्हण, त्यात काय.) एका चुकीने हे सोडलंस तर मला खरंच राग येईल. मी आप्पांच्या त्या प्रकारानंतर चार महिने कुणाकडे गेले नव्हते, स्क्रूड्रायव्हरची पिशवी माळ्यावर टाकून दिली होती, आणि त्या चार महिन्यांत माझ्याच मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी येऊन न विचारता सगळं उडवून गेलं. म्हणजे मी घरी बसल्याने कुणाचं काही वाचलं नाही.

येत्या बुधवारी संक्रांत आहे. त्याच्या आधी, रविवारी, मामींकडे जा. मामाकडे नाही, मामींकडे. माफी एकदाच माग, सारखी मागत बसू नकोस, त्यांना उगाच तुझी समजूत काढावी लागेल. लॅपटॉप उघड, त्यांना खुर्चीत बसव आणि म्हण की हिशोबाचा कागद कसा असायचा ते मला सांगा, पहिल्या कॉलमात काय होतं. त्या सांगतील तसं तू टाईप करू नकोस, त्यांनाच करू दे. दोन तास लागतील, चार लागतील. मध्ये उठून चार्जर शोधू नकोस. कुणाचा हप्ता कधी राहिला होता, कुणी मुलीच्या लग्नाला कर्ज घेतलं होतं, हे त्यांच्या डोक्यात असणार बरंचसं, ते बोलता बोलता येईल, घाई केलीस तर नाही येणार.

झालं की त्यांच्यासमोर पेनड्राइव्हवर एक कॉपी कर आणि ती त्यांच्या हातात दे. एक मला मेल कर.

माझी एक्स्टर्नल हार्डडिस्क तुझ्याकडेच आहे दिवाळीपासून, ती येताना आण, मला शनिवारी पाषाणला जायचंय एकीकडे. संध्याकाळी सातनंतर ये, आणि कानटोपी घालून ये.

काकू