सगळ्यांचीच सोलापुरी, मग माझी वेगळी कशी?

घरून व्यवसाय करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: "माल चांगलाय, पण नाव होत नाही. लोगो बदलू का?" अशाच एका ताईंची ही गोष्ट. त्यांना विचारूनच सांगतेय, आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

ताई बारा वर्षं शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकतात. चटणी उखळात, दाण्यांना तेल सुटेपर्यंत कुटलेली. भाच्याच्या सांगण्यावरून त्यांनी दोन हजार पाऊच छापून घेतले, लाल रंगावर सोनेरी अक्षरांत 'अस्सल सोलापुरी शेंगा चटणी'. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मालही बरा खपला. महिन्याभरानं पुण्याच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "ताई, या वेळची तुमच्या हातची वाटली नाही." ती त्यांची नव्हतीच. बाईंनी कुठल्याशा दुकानातून तसंच लाल-सोनेरी पाकीट उचललं होतं.

"बारा वर्षं केलं काय मी मग? लोकांना माझी चटणी कळंना," म्हणताना त्यांचा गळा दाटून आला.

मी त्यांना चादरीची आठवण दिली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते गावाचं, इथल्या सगळ्या विणकरांचं. म्हणून घरातली मोठी माणसं दुकानात नुसती 'सोलापुरी' मागत नसत, पुलगम किंवा चाटला असं बनवणाऱ्याचं नाव घेऊन मागत. ताईंच्या पाऊचवर गाव होतं, पदार्थ होता, ताई कुठेच नव्हत्या. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातही नुसतं गाव आणि पदार्थ सांगणारे शब्द एकट्याच्या नावावर सहसा होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गाव सगळ्यांचं.

मग ताईंचं काय? ते मी सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांना फोन करा आणि एवढंच विचारा, "शेजारणीला माझ्याबद्दल सांगताना काय सांगता?" चव कशी आहे हे विचारायचं नाही. चव सगळे चांगलीच सांगतात.

पुढच्या भेटीत त्या वही घेऊन आल्या. चार-पाच जणींनी एकच गोष्ट सांगितली होती: "त्या ताई पाकिटावर पेनानं कुटल्याची तारीख लिहितात." दाण्याचं तेल जुनं झालं की चटणी खवट लागते, म्हणून ताई पहिल्या दिवसापासून तारीख घालत. आणि भाच्यानं नेमकी तीच सवय मोडली होती, हातानं लिहिलेलं गावठी दिसतं म्हणून! मला मनापासून वाईट वाटलं. त्यांची ओळख केव्हाच तयार झाली होती, ती पैसे देऊन पुसली गेली होती.

तारीख परत आणायला ताई लगेच तयार झाल्या. अडलं ते पाकिटावर स्वतःचं नाव घालण्यापाशी. दोन भेटी त्यातच गेल्या. लोगोच्या प्रश्नाखाली बहुतेक वेळा हेच दडलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. "नाव घातलं आणि एखादी खेप बिघडली तर? गल्लीत तोंड कसं दाखवू ओ?" मी विचारलं, आजवर खेप बिघडली तेव्हा काय केलंत? "पैसे परत केले. दुसरी करून दिली." मग वेगळं काय करायचंय? त्या बराच वेळ गप्प बसल्या.

शेवटी त्यांनी निवडलं ते सासूबाईंना गल्लीत ज्या नावानं हाक मारत ते. कुटायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या नावाच्या ट्रेडमार्क नोंदणीचा अर्जही केला. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला मालाच्या एका वर्गासाठी 4,500 रुपये सरकारी शुल्क पडतं, नोंदणी 10 वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. नावाशेजारी 'टीएम' (ट्रेडमार्क) आताही लावता येतं. वर्तुळातला 'आर' (रजिस्टर्ड, म्हणजे नोंदणीकृत) मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. हे मी त्यांना दोनदा बजावलं.

उरलेले पाऊच टाकून द्यायला त्यांचा जीव होईना. परवा त्यांनी फोटो पाठवला: सोनेरी 'अस्सल'वर पांढरं लेबल चिकटवलेलं, त्यावर सासूबाईंचं नाव, आणि खाली निळ्या पेनानं तारीख, थोडी तिरकी.